हिरडीला शुगरची बातमी कोण देतं?

दोस्तांनो, आधी एक कोडं. बहुतेक घरांत कुणाला ना कुणाला ‘शुगर’ असते. आजी असेल, मामा असेल, नाहीतर शेजारचे काका. शुगर असलेल्या माणसाला डॉक्टर डोळे तपासून घ्यायला सांगतात, पायांची बोटं बघतात, लघवीची तपासणी करायला लावतात. पण नीट चौकशी करणारे डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतात, “ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का हो?”

आता सांगा, साखर रक्तात आणि चौकशी हिरड्यांची! हे काय प्रकरण आहे? थांबा, अजून गंमत पुढेच आहे. या दोघांच्या कारभारात एक तिसराही सामील आहे. तो म्हणजे आपल्या पोटावरची चरबी. साखर, चरबी आणि हिरडी या तिघांचं आतल्या आत काय गूळपीठ आहे, ते आज शोधून काढू या. त्यासाठी आपल्याला आधी मानेसरला जायला हवं.

मानेसरचं गोदाम

दिल्लीहून जयपूरच्या रस्त्याला लागायचं, गुरुग्राम मागे टाकायचं, की पुढे हरियाणातलं मानेसर येतं. एकीकडे अरवलीच्या बुटक्या, काटेरी झुडपांनी भरलेल्या टेकड्या आणि दुसरीकडे कारखानेच कारखाने. मारुती सुझुकीचा इथला मोठा कारखाना २००७ साली सुरू झाला. गाड्यांच्या धंद्यातली माणसं चाकणहून मानेसरला आणि मानेसरहून चाकणला बदलून जात असतात, त्यामुळे तुमच्यापैकी कुणी हे मासिक तिथंच बसून वाचत असेल, तर नवल नाही!

कारखाने आले की गोदामं आलीच. मानेसरच्या आसपास लांबच लांब पत्र्याची गोदामं दिसतात. बाहेरून बघितलं तर वाटतं, यात काय आहे? माल आला, ठेवला. माल लागला, काढला. पण आत एक गोदामपाल बसलेला असतो. तो सारखा निरोप धाडत असतो. “साठा भरलाय, आता गाडी पाठवू नका.” “साठा संपत आलाय, लवकर पाठवा.” हे निरोप थांबले, तर अख्ख्या कारखान्याचा बोजवारा उडेल.

आता पोटावरची कातडी चिमटीत धरा. धरलीत? कातडीखाली जे मऊ मऊ लागतंय, ती चरबी. पुष्कळ वर्षं सगळ्यांना वाटायचं, की चरबी म्हणजे नुसतं गोदाम. जास्तीचं खाल्लं की भरायचं, उपास पडला की उपसायचं. सूक्ष्मदर्शकाखालीही ती तशीच दिसते. चरबीची एक पेशी साधारण ०.१ मिलिमीटरची. तिच्या आत तेलाचा एकच मोठ्ठा थेंब बसलेला असतो आणि बिचारं पेशीचं केंद्रक पार कडेला ढकललं गेलेलं असतं. अशी पेशी काय बोलणार?

पण ती बोलते. चांगली बडबडी आहे! चरबी रक्तात रसायनं सोडते आणि ती रसायनं थेट मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत, स्नायूंपर्यंत आणि हो, हिरड्यांपर्यंतही जातात. एका अवयवानं रक्तातून दुसऱ्या अवयवाला धाडलेल्या अशा रासायनिक निरोपाला संप्रेरक म्हणतात, म्हणजेच हार्मोन. चरबीच्या गोदामातही गोदामपाल आहे, हे मात्र माणसाला उंदरांनी शिकवलं.

खादाड उंदरांची गोष्ट

अमेरिकेत मेन नावाच्या राज्यात जॅक्सन प्रयोगशाळा आहे. १९४९ साली तिथल्या उंदरांच्या पिंजऱ्यात एक भलताच गुबगुबीत उंदीर सापडला. त्याच्या वंशातले असे उंदीर खात सुटायचे. पोट भरलं, असं त्यांना कधी वाटायचंच नाही. पुढे १९६०च्या दशकात तिथंच आणखी एका वंशाचे गुबगुबीत उंदीर मिळाले. त्यांना तर जबरदस्त मधुमेहही होता. पहिल्यांना नाव पडलं ‘ओबी’ आणि दुसऱ्यांना ‘डीबी’.

डग्लस कोलमन नावाच्या शास्त्रज्ञाला प्रश्न पडला, की या उंदरांच्या रक्तात काहीतरी कमी आहे की जास्त? त्यानं शस्त्रक्रिया करून दोन दोन उंदरांचे रक्तप्रवाह एकमेकांना जोडले. ओबी उंदराला साध्या उंदराचं रक्त मिळू लागलं, तसा तो कमी खायला लागला आणि बारीक झाला! मग कोलमननं डीबी उंदराला साध्या उंदराशी जोडलं. तिथं भलतंच घडलं. डीबी खातच राहिला आणि साध्या उंदरानं खाणंच सोडलं. अन्न समोर असूनही तो उपाशी मेला.

डोकं चालवा बरं! याचा अर्थ काय?

कोलमननं अर्थ लावला तो असा. रक्तात ‘पोट भरलं’ असा काहीतरी निरोप फिरत असतो. ओबी उंदराला तो निरोप तयारच करता येत नाही. डीबी उंदीर तो निरोप ढिगानं तयार करतो, पण त्याच्या मेंदूला तो वाचता येत नाही. जोडलेल्या साध्या उंदराला मात्र तो वाचता येतो, म्हणून त्याची भूकच मेली.

हा निरोप नेमका कोणता, ते कळायला १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं जनुक शोधून काढलं. त्या संप्रेरकाचं नाव लेप्टिन. आणि ते तयार कुठं होतं, माहीत आहे? चरबीत! कोलमन आणि फ्रीडमन दोघांना २०१० साली मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

लेप्टिन वाचलं जातं ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या छोट्याशा भागात. मेंदूचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. आपण ज्या मानेसरला जाऊन आलो ना, तिथंच अरवलीच्या पायथ्याशी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. त्याची स्थापना १९९९ सालची. डिसेंबर २००३मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केलं. गोदामांच्या गावात मेंदूचं केंद्र! आपल्या आजच्या गोष्टीला याहून शोभणारं गाव शोधून सापडलं नसतं.

तीन चिठ्ठ्या

लेप्टिन सापडल्यावर शास्त्रज्ञ चरबीकडे कान देऊन बसले. मग चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या सापडू लागल्या. आपण तीनच लक्षात ठेवू.

पहिली, लेप्टिन. “साठा आहे, भूक आवरा.” चरबी वाढली की लेप्टिनही वाढतं. पण सारखा एकच निरोप यायला लागला, की मेंदू तो मनावर घेईनासा होतो. म्हणजे लेप्टिन भरपूर आणि भूकही भरपूर. शिवाय लेप्टिन रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही चेतवतं.

दुसरी, अ‍ॅडिपोनेक्टिन. हा शहाण्या माणसाचा निरोप. “इन्सुलिनचं ऐका, दाह आवरा.” आपण जेवलो की रक्तात साखर येते. ती पेशींनी आत घ्यावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. पेशींनी इन्सुलिनचं ऐकलं तर साखर ताब्यात राहते, नाही ऐकलं तर रक्तात साचते. अ‍ॅडिपोनेक्टिन असलं की पेशी इन्सुलिनचं चांगलं ऐकतात. गंमत, म्हणजे वाईट गंमत, अशी की चरबी वाढली की हा शहाणा निरोप कमी होतो!

तिसरी, टीएनएफ-अल्फा. “धोका! धोका!” फुगून फुगून चरबीच्या पेशी बेजार होतात, काही मरतात. त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि ही धोक्याची चिठ्ठी फिरू लागते. १९९३ साली अमेरिकेतल्या गोखान होतामिसलिगिल आणि ब्रूस स्पीगेलमन यांच्या गटानं उंदरांवर दाखवून दिलं, की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा निघतं आणि त्यामुळे पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. चरबी आणि मधुमेह यांचं गूळपीठ उघडं पडलं ते असं.

“पण आमचे काका तर काटकुळे आहेत!”

हा प्रश्न तुम्ही विचारणार, हे मला ठाऊकच होतं. बारीक माणसालाही शुगर कशी होते? याचं उत्तर पुण्यात मिळतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. १९९३ साली त्यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. गरोदर बायकांचं खाणंपिणं, वजन, काम यांची नोंद ठेवली आणि बाळ जन्मलं की त्याचं मोजमाप घेतलं. नुसतं वजन नाही. कॅलिपर नावाच्या चिमट्यानं बाळाच्या पाठीवरची कातडीची घडी हलकेच धरून तिची जाडीही मोजली. आपण मघाशी पोटावर केलं ना, तसंच, फक्त मिलिमीटरच्या हिशेबात.

या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं सरासरी ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान, पोटाचा घेर कमी, दंडाचे स्नायू कमी. पण पाठीवरच्या घडीत फारसा फरक नाही! म्हणजे बाळ दिसायला किरकोळ, पण त्या मानानं चरबी राखून असलेलं. पुढे पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर वजनाच्या मानानं पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त निघालं आणि लेप्टिनही. जन्मतःच!

डॉ. याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी तर स्वतःवरच मजा केली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३. शेजारी शेजारी उभे राहिले तर दोघंही सडपातळ. मग यंत्रानं शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो या आकड्यांसकट छापून आला.

तेव्हा बाहेरून बघून कुणाच्या आत किती चरबी आहे ते कळत नाही. म्हणून कुणाला जाड्या म्हणून चिडवू नका, आणि बारीक आहे म्हणून कुणाला तपासणीतून सूटही देऊ नका. आपल्या देशात मधुमेह असलेली माणसं १० कोटींहून जास्त आहेत, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला.

आता आ करा!

चला, आरशासमोर उभे राहा आणि खालचा ओठ हळूच खाली ओढा. दातांच्या मुळाशी जी मऊ पट्टी दिसते, ती हिरडी. निरोगी हिरडी घट्ट असते आणि तिची कड दाताला चिकटून बसते. रंग गुलाबी असतो, आणि आपल्याकडे पुष्कळांच्या हिरड्यांवर तपकिरी छटाही असते. ती नैसर्गिक, तिला घाबरायचं नाही. लालभडक, सुजलेली, ब्रश लागताच रक्त येणारी हिरडी मात्र आजारी.

आता कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि ३ मिलिमीटर किती होतात ते बघा. इतकंसं! हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी माणसात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. दातांचे डॉक्टर खुणा कोरलेली एक बोथट, बारीक सळई त्या फटीत अलगद घालून खोली मोजतात. एकेका दाताभोवती सहा ठिकाणी! बत्तीस दात असतील तर मोजा किती वेळा? १९२ वेळा. ही फट खोल होत गेली, की समजायचं, आत हाड झिजतंय.

हे होतं कसं? दातांवर जिवाणूंचा चिकट थर रोज बसतो. रोज घासला की जातो, नाही घासला तर हिरडीच्या कडेला साचतो आणि टणक होऊन त्याचं कीटण बनतं. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहुस इथं हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक झकास प्रयोग केला. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना त्यांनी सांगितलं, “दात घासणं बंद!” (ऐकून खूश होऊ नका. यातले बरेचसे दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते.) १० ते २१ दिवसांत सगळ्याच्या सगळ्या १२ जणांच्या हिरड्या सुजल्या. मग घासणं पुन्हा सुरू केलं आणि थोड्याच दिवसांत हिरड्या बऱ्याही झाल्या.

म्हणजे नुसती सूज असेपर्यंत सगळं परत जागेवर येतं. पण दुर्लक्ष केलं तर मोठेपणी सूज आत शिरते. जिवाणूंशी लढताना आपल्याच पांढऱ्या पेशी इतकी रसायनं सोडतात, की दाताला धरून ठेवणारे धागे तुटतात आणि भोवतीचं हाड विरघळतं. दात हलायला लागतो. यालाच मोठी माणसं ‘पायोरिया’ म्हणतात. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण या पायोरियानं किती घरांत खरी करून दाखवली असेल!

निरोप दोन्हीकडून

आता तिघांना एकत्र बसवू या.

साखर हिरडीला काय करते? रक्तात साखर जास्त राहिली, की ती प्रथिनांना चिकटते. हिरडीतल्या चिवट धाग्यांनाही चिकटते आणि ते ठिसूळ करते. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. जखम लवकर भरत नाही. पांढऱ्या पेशी जिवाणूंना नीट मारत नाहीत, पण आरडाओरडा मात्र जास्त करतात. मधुमेह ताब्यात नसेल, तर हिरड्यांचा हा आजार होण्याची शक्यता साधारण तिप्पट होते. म्हणून डेन्मार्कच्या प्रयोगातले तेच लोए १९९३ साली म्हणाले, की डोळे, मूत्रपिंड, नसा वगैरे पाच दुखण्यांच्या पंगतीत हिरड्यांनाही बसवा. हे मधुमेहाचं सहावं दुखणं.

चरबी हिरडीला काय करते? तिच्या चिठ्ठ्या रक्तातून इथंही येतात. दाह भडकवणाऱ्या चिठ्ठ्या जास्त, शांत करणारं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी. मग थोड्याशा कीटणावरही हिरडी जास्त सुजते. लेप्टिन तर हिरडीतही सापडलंय. बंगळूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या संशोधकांनी त्याचा पाठलाग केला. हिरडीच्या त्या इवल्याशा फटीत सतत एक द्रव झिरपत असतो. काचेच्या केसासारख्या बारीक नळीनं त्यांनी तो गोळा केला. मिळतो तरी किती? एखादा मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग! २००७ साली त्यांनी निष्कर्ष छापला. हिरडीचा आजार जितका जास्त, तितकं त्या फटीतल्या द्रवातलं लेप्टिन कमी आणि रक्तातलं लेप्टिन जास्त. निरोगी हिरडीत लेप्टिन राखणीचं काम करत असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे.

आणि आता सगळ्यात मजेची गोष्ट. हिरडीही गप्प बसत नाही! पायोरिया जोरात असेल, तर सगळ्या दातांभोवतीच्या फटींची मिळून ८ ते २० चौरस सेंटीमीटर जागा सुजलेली, सोललेली असते. वहीवर ४ सेंटीमीटर बाजूचा चौरस काढा. तो १६ चौरस सेंटीमीटर. एवढी जखम हातावर असती, तर आईनं कधीच दवाखान्यात नेलं असतं. तोंडात असते म्हणून दिसत नाही. या जखमेतून जिवाणू आणि दाहाची रसायनं रक्तात उतरतात. त्यांत आपली ओळखीची टीएनएफ-अल्फाही असते. ती काय करते, आठवतंय ना? पेशींना इन्सुलिनचं ऐकू देत नाही. म्हणजे शुगरनं हिरडी बिघडते आणि हिरडीनं शुगर वाढते.

हे नुसतं बोलणं नाही. रक्ताची एक तपासणी असते, एचबीएवनसी. तिच्यावरून गेल्या साधारण तीन महिन्यांतली सरासरी साखर कळते. मधुमेह आणि पायोरिया दोन्ही असलेल्या लोकांच्या दातांवरचं कीटण मुळापर्यंत नीट साफ केलं, तर तीन-चार महिन्यांनी हा आकडा सरासरी साधारण ०.४नं उतरतो, असं अनेक चाचण्या एकत्र करून दिसलंय. औषधगोळ्या चालूच ठेवायच्या, पण दातांच्या डॉक्टरांचीही शुगर उतरवायला मदत होते!

तुमचं काम

मुलांनाही मधुमेह होतो बरं का. न्यूयॉर्कमध्ये ६ ते १८ वयाच्या मधुमेही मुलांना तपासलं, तेव्हा त्यांच्या हिरड्यांची पडझड बाकीच्या मुलांपेक्षा लवकर सुरू झालेली दिसली. तुमच्या वर्गात असा कुणी दोस्त असेल, तर त्याला चॉकलेटचा आग्रह करू नका. खेळायला मात्र आधी बोलवा.

आणि घरी तीन कामं करा. एक, सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटं दात घासा, हिरडीच्या कडेनं, हळुवार. रक्त आलं म्हणून घासणं सोडायचं नसतं. दोन, घरात कुणी मिश्री लावत असेल, तर त्यांना सांगा, की ती भाजलेली तंबाखू आहे. तिनं हिरड्या बळकट होत नाहीत, उलट बिघडतात आणि तोंडाच्या कॅन्सरचाही धोका असतो. तीन, घरात ज्यांना शुगर आहे, त्यांना आजच विचारा, “दातांच्या डॉक्टरांकडे शेवटचं कधी गेला होतात?” त्यांनी “दात दुखत नाहीत तर कशाला जायचं?” असं म्हटलं, तर सोडू नका. पायोरिया बहुतेक वेळा न दुखताच वाढतो. वर्षातून एकदा तरी त्यांच्या हिरड्या तपासून घ्या, आणि शुगर आहे हे दातांच्या डॉक्टरांना आधीच सांगायला विसरू नका.